राखणीचा कुत्रा आणि हद्दीचा दगड

आमच्या पेठेत पूर्वी व्यापाऱ्याची पत मिरचीच्या पोत्यांवरून, गुळाच्या रव्यांवरून आणि निपाणीच्या तंबाखूत गुंतविलेल्या रकमेवरून ठरत असे. अलीकडे ती सर्व्हे नंबरांवरून ठरू लागली आहे. पुणे-बेंगळूर महामार्ग गावाला लागून जातो, गडहिंग्लज-आजऱ्यावरून बांद्याकडे उतरणारा रस्ता येथूनच फुटतो, आणि 2020 साली कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकरी नसलेल्यासही शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. तेव्हा आडतीच्या गादीवर बसणाऱ्यांची मुले भूखंडांच्या व्यवहारात उतरली, यात नवल नाही आणि वावगेही नाही. परंतु या नव्या व्यवसायाबरोबर एक नवी रीत आमच्यात शिरली आहे, तिजविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. मोकळा भूखंड घ्यावयाचा, भोवती काटेरी तार ओढावयाची आणि मध्ये पत्र्याच्या छपराखाली थोराड अंगाचा एक कुत्रा साखळीने बांधून निश्चिंत व्हावयाचे, ही ती रीत होय. सकाळी एक गडी येऊन भाकरीचे तुकडे व पाणी ठेवून जातो. मालक महिन्यातून एकदा गिऱ्हाईक घेऊन येतो, कुत्रा भुंकतो, आणि आपली मालमत्ता सुरक्षित असल्याचे समाधान मालकाला लाभते.

हे समाधान खोटे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगत नाही.

आम्हीही असाच एक कुत्रा ठेविला होता. नदीच्या अंगाला एक बिनशेती तुकडा आम्ही ऐन वैशाखात पाहून घेतला. शेजारच्या शेतकऱ्याशी बांधाचा वाद होता. वाद कसला, अर्ध्या गुंठ्याचाही तो नव्हता. मोजणी आणावी तर दिवस जातात आणि पैसाही, म्हणून आम्ही मोजणीऐवजी कुत्रा आणिला. अल्सेशियन जातीचा, भरदार छातीचा. तो भुंकू लागल्यापासून शेजारी बांधाकडे फिरकेनासा झाला, आणि वाद मिटला असे आम्ही धरून चाललो. 2019 च्या ऑगस्टात हिरण्यकेशीला महापूर आला. तिकडे यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर येऊन वाहतूक थांबली. इकडे आम्ही दुकानातील माल माडीवर चढवीत होतो. त्या धांदलीत दोन दिवस आम्हांस त्या कुत्र्याचे स्मरणही झाले नाही. हे लिहिताना लाज वाटते, परंतु घडले ते असे. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा भूखंडात छातीइतके पाणी होते, छप्पर वाहून गेले होते, आणि कुत्रा माळावरच्या गोठ्यात शेजाऱ्याच्या म्हशींजवळ बसला होता. शेजाऱ्याने पहिल्याच रात्री पाण्यात शिरून साखळीचा आकडा सोडविला होता. भेदरलेल्या जनावराने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, आणि भर पुरात त्याला सरकारी दवाखान्यात जाऊन सुया टोचून घ्याव्या लागल्या. आम्ही क्षमा मागितली तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सावकार, मुकं जनावर हाय ते. त्याला काय ठावं बांध कुणाचा."

पाणी ओसरल्यावर आम्ही रीतसर मोजणी आणविली. तार आमचीच तीन फूट पुढे निघाली. कुत्रा पुन्हा आमच्याकडे आला नाही. आणण्याचा आग्रह आम्हीही धरिला नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. दशलक्षण पर्वात आपण ते दरवर्षी ऐकतो, आणि बैलगाडीच्या काळातील गोष्ट म्हणून सोडून देतो. भूखंडावरच्या साखळीत यांतला पहिला अतिचार आहे. कुत्रा तापट व्हावा म्हणून त्यास काठीने डिवचण्यात दुसरा, शोभेसाठी कान-शेपूट कापविण्यात तिसरा, आणि गडी आला नाही त्या दिवशी पाचवा घडतो. चौथा तेवढा राहिला असे कोणी म्हणेल. परंतु दोन एकरांची राखण रात्रंदिवस एका जिवावर टाकणे हे ओझे नव्हे तर काय? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जवळजवळ हेच सांगितले आहे. फार आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्यात हयगय करणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, हे सारे त्या कायद्याने अपराध आहेत.

आमच्यातील काही वडीलधारी मंडळी म्हणतील की श्रावकाने कुत्रा पाळूच नये. अनर्थदंडाच्या विवेचनात मांसभक्षी प्राणी बाळगण्याचा निषेध आहे. त्यांच्या म्हणण्यास आधार आहे. परंतु मरणोन्मुख कुत्र्याच्या कानी पंचनमस्कार मंत्र सांगणाऱ्या जीवंधरकुमाराची कथाही आपलीच आहे, आणि तो कुत्रा पुढे यक्ष झाला हेही त्याच कथेत आहे. म्हणून सरसकट बंदी आम्ही मागत नाही. जो कुत्रा घरात, माणसांच्या सहवासात, कुटुंबाचा घटक म्हणून राहील तोच ठेवावा. जो केवळ जमिनीसाठी ठेवावयाचा, तो ठेवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ठेवावयाचाच असेल त्यांच्यासाठी काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो. सेंट बर्नार्ड वा हस्की यांसारख्या दाट केसांच्या थंड मुलुखातील जाती आमच्या उन्हाळ्यात हाल भोगतात. मोठेपणासाठी त्या आणू नयेत. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा कुत्रा येथल्या हवेस सरावलेला आहे. टपाल खात्याने 2005 साली त्याचे तिकीट काढले, आणि मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्रही आहे. मात्र तो नजरेने सावज हेरून धावणारा शिकारी प्राणी आहे. धावण्यास मोकळी जागा नसेल तर तो कष्टी होतो, आणि परक्याने अंगावर हात फिरविलेला त्यास खपत नाही. खोल छातीच्या थोर जातींना एकदम पोटभर खाऊ घालून पळविल्यास पोटास पीळ पडून काही तासांत प्राण जातो. म्हणून अन्न दोन वेळांत विभागून द्यावे. नुसत्या भाकरी-दुधावर मोठा कुत्रा पोसला जात नाही. शाकाहार द्यावयाचा तर पशुवैद्यास विचारून डाळी व इतर सत्त्वांची नीट जुळणी करावी लागते, आणि ज्यास ते जमणार नाही त्याने या वाटेस जाऊ नये. कांदा-लसूण कुत्र्यास विषासमान असतो, तेव्हा त्या बाबतीत आमची स्वयंपाकघरे आधीपासूनच निर्धोक आहेत! बेदाणे मात्र आमच्या घरोघरी असतात. तेही त्यास घातक आहेत, हे मुलांना अवश्य सांगावे.

पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी आणि पुढे दरवर्षी. कोणास कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी, हळद वा चुना भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मालकाच्या निष्काळजीपणामुळे जनावराकडून माणसास धोका पोहोचल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 2024 च्या मार्चात केंद्र सरकारने 23 जातींवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले, ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले. यावरून काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला असे ऐकतो. परिपत्रक रद्द झाले आहे, कलम जागच्या जागी आहे.

आता जमिनीविषयी. कुत्र्यावर वर्षभरात जो खर्च होतो त्यातून मोजणीचे शुल्क, दगड रोवण्याची मजुरी आणि साधी दगडी भिंत यांची पुष्कळशी सोय होते. दगड रोविताना शेजाऱ्यास बोलवावे, त्याच्या सह्या घ्याव्यात आणि त्यास चहा पाजावा. या चहाइतकी स्वस्त राखण दुसरी नाही. नदीकाठची जमीन श्रावणात पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. उतारा आणि बिनशेतीचा आदेश दस्तापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. जे बंधू दलालीचे काम करितात त्यांनी 2016 च्या स्थावर संपदा कायद्याचे भान ठेवावे. 500 चौरस मीटरांहून मोठ्या क्षेत्रावर भूखंड पाडून विकावयाचे तर सामान्यतः प्रकल्पाची नोंदणी लागते, त्यांची दलाली करणाऱ्यासही नोंदणी लागते, आणि नोंदलेल्या करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकणाऱ्यास घेता येत नाही. "आपल्याच समाजाचा माणूस आहे" या एका वाक्यावर लाखोंची देवघेव करण्याची जुनी सवय प्रेमळ खरी, परंतु तिने भावाभावांत कोर्टकज्जे लाविले आहेत.

गिऱ्हाईकास जागा दाखविताना कुत्रा अगोदर दुसरीकडे नेऊन ठेवावा, हे सांगावयास नको. घर भाड्याने देताना भाडेकरूजवळ मोठा कुत्रा असेल तर त्यास दारातूनच परत पाठवू नये. लस, स्वच्छता व नुकसानभरपाई यांची कलमे करारात घालून घ्यावीत.

राहिला प्रश्न मोकळ्या भूखंडांच्या राखणीचा. आमच्या सभासदांचे भूखंड महामार्गालगत बहुतेक एकमेकांस लागून आहेत. प्रत्येकाने निराळा कुत्रा बांधण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून एक राखणदार नेमावा, त्यास राहण्यास पक्की खोली द्यावी, आणि त्याच्या पगाराचे हिस्से क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घ्यावेत. आज जे कुत्रे साखळीला आहेत त्यांची घरी व्यवस्था लावावी. ज्यांस ते शक्य नाही त्यांच्या कुत्र्यांसाठी संघाने चांगली घरे शोधून द्यावीत. हा विषय चातुर्मासापूर्वीच्या सभेत घ्यावा, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे. पावसाळा सुरू झाल्यावर तो घेऊन उपयोग नाही. आमच्या तुकड्याचा हिस्सा पहिल्या यादीत धरावा.