खोडदच्या दुकानदाराला कायदा कोण सांगणार?

जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव जगातील खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे ते तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतील चौदा खोडदजवळ एकवटलेल्या आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना दूरवर विखुरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली याचे एक मोठे कारण म्हणजे या भागातील रेडिओ शांतता. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की एखाद्या बिघडलेल्या मोटारीची ठिणगीसुद्धा त्यांना बुडवून टाकते. सबब या परिसरात उद्योग काढावयाचा तर दुर्बीण चालविणाऱ्या संस्थेची संमती घ्यावी लागते. पुणे–नाशिक लोहमार्गाचा नारायणगाववरून जाणारा आराखडाही याच कारणाने अडला.

विज्ञानासाठी ही किंमत मोजणे योग्यच आहे, असे आमचे मत आहे. परंतु ती किंमत कोण मोजतो, याचाही विचार व्हावयास हवा. मोठे कारखाने येथे येणार नाहीत, हे एकदा मान्य केले म्हणजे खोडद आणि आसपासच्या गावांतील तरुणापुढे दोनच वाटा उरतात. एक चाकणच्या कारखान्याकडे जाते आणि दुसरी गावातच एखादा लहानसा धंदा मांडण्याची. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, तालुक्यातील द्राक्षबागा, शिवनेरी, ओझर, लेण्याद्रीकडे येणारा यात्रेकरू, शिवाय २०१८ साली जुन्नरला मिळालेला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा, यांमुळे या दुसऱ्या वाटेला भांडवल नाही असे म्हणता येत नाही. तिला खरी उणीव आहे ती कायद्याच्या माहितीची.

आपल्याकडे लहान धंदेवाल्याची कायद्याशी ओळख होते ती बहुधा निरीक्षक दारात उभा राहिल्यावर. त्यामुळे जो कागद निरीक्षक मागतो तेवढाच कागद महत्त्वाचा, अशी समजूत दृढ झाली आहे. दुकानाची पाटी लावण्यापूर्वी लोक ‘शॉप ॲक्ट’च्या मागे धावतात. वास्तविक १९४८ चा तो जुना कायदा जाऊन २०१७ चा नवा कायदा आला तेव्हाच दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून सूट मिळाली आणि केवळ सूचना देणे पुरेसे झाले. पुढे २०२५ मध्ये ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. ‘उद्यम’ नोंदणीचेही तेच. ती २०२० पासून निःशुल्क आहे, कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. तरीही तिच्यासाठी मध्यस्थाच्या हातावर पैसे ठेवणारे लोक थोडे नाहीत. व्यवसाय कराची पावती मात्र काहीशा आनंदाने भरावी, कारण १९७५ साली हा कर बसविला गेला तो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी. असो.

कर आणि परवाने यांच्या बाबतीत कायदा आपल्या समजुतीपेक्षा सौम्य आहे. स्वतःच्या शेतातील टोमॅटो विकणाऱ्या शेतकऱ्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. त्याच टोमॅटोचा सॉस बाटलीत भरून विकू लागला म्हणजे तो उत्पादक ठरतो. तेव्हाही केवळ मालाचीच विक्री असेल तर वर्षाकाठी चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. मात्र बाटली राज्याबाहेर विकली की उलाढाल कितीही असो, नोंदणी अपरिहार्य. मिसळीचे हॉटेल चालविणाऱ्याने येथे सावध राहावे. कायद्याच्या लेखी तो सेवा देतो, आणि त्याची मर्यादा वीस लाखांची आहे. सॉसच्या बाटलीला आणखी दोन बाबी लागतात. अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. २०११ च्या नियमांनी ती बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपयांत देऊ केली होती. दुसरी बाब वेष्टनावरील मजकुराची : उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. घरगुती माल म्हणून ही बंधने सुटत नाहीत.

परंतु निरीक्षक ज्यांच्याविषयी कधीच विचारीत नाही, असे काही कायदे आहेत, आणि लहान धंदा बुडतो तो बहुधा त्यांच्या अज्ञानापायी. दोन भाऊ, किंवा दोन मित्र, मिळून द्राक्षांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनविण्याचे काम सुरू करतात असे समजा. भागीदारीचा करार होतो, बँकेत खाते निघते, सर्व सुरळीत चालते. फर्मची नोंदणी मात्र राहून जाते, कारण १९३२ च्या भागीदारी कायद्याने ती सक्तीची केलेली नाही. मग एके दिवशी व्यापारी पैसे बुडवितो. त्याच्यावर दावा लावावयास गेल्यावर वकील सांगतो की त्याच कायद्याच्या ६९ व्या कलमान्वये नोंदणी नसलेल्या फर्मला करारातील हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. त्या व्यापाऱ्याला मात्र फर्मवर दावा लावण्यास कोणतीच आडकाठी नाही! जी नोंदणी ऐच्छिक म्हणून टाळली, तिची खरी किंमत अशी कळते.

उधारीचेही असेच आहे. आपल्या गावांत वही शाबूत असली म्हणजे येणे शाबूत, असा समज आहे. मुदतीचा कायदा तसे मानीत नाही. सामान्यतः तीन वर्षे लोटली की दाव्याचा मार्ग बंद होतो. ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने येणे मान्य असल्याचे लिहून सही केली तर मुदत नव्याने मोजली जाते. शेजाऱ्याकडे, सोयऱ्याकडे सही मागणे आपल्याला अवघड वाटते, हे खरे. तो संकोच दर वर्षी किती येणी बुडवितो, याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडणार नाही.

त्या खोकी बनविणाऱ्यापाशी आणखी एक शस्त्र आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊकच नसते. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास फार तर पंचेचाळीस दिवसांत आणि नसल्यास पंधरा दिवसांत पैसे चुकविले पाहिजेत. न चुकविल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि वसुलीसाठी सुविधा परिषदेकडे जाता येते. माल पाठविण्यापूर्वी ‘उद्यम’ नोंदणी झालेली असावी, एवढी दक्षता घेतलेली बरी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हे संरक्षण मिळत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. आयकर कायद्यातही अलीकडे दुरुस्ती झाली असून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम देणेकऱ्याला, ती प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत, खर्च म्हणून वजा करता येत नाही. निर्यातदाराला नुसती विनवणी करणाऱ्या लघुउद्योजकाने बिलावर हे दोन कायदे छापून पाहावेत.

हे सर्व सांगावयाचे कोणी? महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. कोणती सेवा, किती शुल्कात, किती दिवसांत आणि कोणाकडून मिळेल, हे संबंधित कार्यालयाने फलकावर लावले पाहिजे, असे तो सांगतो. तो फलक तालुक्याच्या गावी, कार्यालयाच्या एखाद्या अंधाऱ्या भिंतीवर लटकून काय उपयोग? धंद्याशी संबंधित तेवढ्याच सेवांचा एक फलक ग्रामपंचायतीच्या दाराशी लावण्यास विशेष खर्च नाही. गावातील शिक्षकांनी आणि लिपिकांनी मनावर घेतले तर फॉर्म भरून देणाऱ्या मध्यस्थाची कमाई निम्म्यावर येईल.

दुर्बीण चालविणारी संस्था केंद्राच्या अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीतील. राज्याचा हा अधिनियम तिला लागू नाही. तथापि दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरते. शाळकरी मुले आपल्या प्रतिकृती घेऊन येतात आणि शास्त्रज्ञ मराठीतून आकाशगंगा समजावून सांगतात. त्याच मांडवात एक टेबल आणखी मांडावे. वेल्डिंगचे दुकान, पीठगिरणी, शीतगृह, खोक्यांचा कारखाना यांपैकी कशाला संमती लागते, कशाला नाही, अर्ज कोठे करावयाचा, उत्तर किती दिवसांत मिळते, हे तेथे साध्या मराठीत सांगावे. गावाच्या फलकावरही पहिली ओळ याच संमतीची असू द्यावी. यंत्रासाठी बँकेकडे कर्जाचा अर्ज जातो तो त्यानंतर.