बचावाची परवानगी: प्रतिज्ञापत्रात काय असावे

संक्षिप्त दाव्यात प्रतिवादीला बचावाचा हक्क आपोआप मिळत नाही; त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 37 चे हे वेगळेपण. साध्या दाव्यात समन्स मिळाल्यावर कैफियत देता येते आणि पुढे पुरावा होतो. इथे समन्सनंतर 10 दिवसांत हजेरी लावायची आणि नोटिसा घेण्यासाठी आपला पत्ता द्यायचा. मग वादी आपल्या प्रतिज्ञापत्रासह निकालाचे समन्स, म्हणजे वकिली बोलीतले ‘समन्स फॉर जजमेंट’, बजावतो. ते मिळाल्यापासून 10 दिवसांत परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. हजेरी चुकली तर दाव्यातील मजकूर प्रतिवादीला मान्य आहे असे धरून हुकूमनामा होतो, आणि अर्ज चुकला तर वादी लगेच निकाल मागू शकतो. हजेरीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर समन्स पोचले की, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर, ते बजावले गेले असेच समजले जाते. म्हणून कारखाना बंद पडलेल्या किंवा जागा बदललेल्या पक्षकाराचा जुना पत्ता कागदावर राहू देणे धोक्याचे आहे. विलंब पुरेशा कारणासाठी माफ होऊ शकतो. मात्र अर्जच न देता थेट उत्तर दाखल करणे हा पर्याय नाही. एक्झिक्युटिव्ह ट्रेडिंग कंपनी विरुद्ध ग्रो वेल मर्कंटाइल या मुंबईहून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये हे स्पष्ट केले.

पहिला मुद्दा दाव्याच्या स्वरूपाचा. हुंडी आणि वचनचिठ्ठी सोडल्यास लेखी करारातून देय झालेली निश्चित रक्कम, कायद्याने ठरलेली रक्कम किंवा हमीची रक्कम यांसाठीच मुख्यतः आदेश 37 आहे. करारभंगाची नुकसानभरपाई अजून ठरायची असेल, तर ती या वाटेने मागता येत नाही. एकाच दाव्यात मालाची किंमत आणि ‘ऑर्डर रद्द केल्याचे नुकसान’ दोन्ही मागितले असेल, तर प्रतिवादीच्या वकिलाने पहिला आक्षेप तिथेच घ्यावा. नुसत्या बिलावर दावा चालतो का, हा प्रश्न कोल्हापूरच्या व्यापारात वारंवार येतो. ज्योत्स्ना वालिया विरुद्ध टी. एस. पारेख या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2007 मध्ये त्याचा विचार केला. समोरच्याने सही केलेले, किंवा स्वीकारून ज्यावर व्यवहार झाला असे बिल लेखी कराराची जागा घेऊ शकते. एकतर्फी छापलेल्या बिलाला तो मान मिळत नाही. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि 3 लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा असेल, तर वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, 2015 च्या कलम 12अ खालील पूर्व-मध्यस्थी झाली आहे का हेही तपासावे. तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसताना ती टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात 2022 मध्ये ठरवले.

परवानगीची कसोटी टप्प्याटप्प्याने घडली आहे. 1958 च्या संतोष कुमार विरुद्ध भाई मूल सिंग या निकालात, खरा वादमुद्दा दिसत असताना केवळ कागदी पुरावा आताच आणला नाही म्हणून तारण मागणे चूक ठरले. हा निकाल पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. विवियन बोस यांचा. 1976 च्या मेकॅलेक प्रकरणातील पाच सूत्रे पुढे अनेक वर्षे पाठ म्हटल्यासारखी उद्धृत होत राहिली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, म्हणजे 1 फेब्रुवारी 1977 पासून, आदेश 37 चा नियम 3 बदलला होता याकडे मात्र कमी लक्ष गेले. 2016 मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या निकालाने ती सूत्रे बदललेल्या नियमानुसार नव्याने मांडली. ठोस बचाव असेल तर बिनशर्त परवानगी. वादमुद्दा असून बचाव वाजवी वाटत असेल, तर तीही साधारणपणे बिनशर्त. बचावाच्या खरेपणाबद्दल शंका असेल, तर सुनावणीच्या वेळेबद्दल किंवा पद्धतीबद्दल अट घालता येते, तशीच रक्कम भरण्याची किंवा तारणाचीही. बचाव शक्य पण असंभाव्य असेल, तर व्याजासह संपूर्ण मुद्दल भरण्यापर्यंत अट जाऊ शकते. बचाव मुळात नसेल किंवा तो निव्वळ त्रास देण्यासाठी असेल, तरच नकार. बी. एल. कश्यप विरुद्ध जेएमएस स्टील्स (2022) हा बांधकामासाठी पुरवलेल्या पोलादाचा वाद होता. त्यात परवानगी हा नियम आणि नकार हा अपवाद असे पुन्हा अधोरेखित झाले. गोव्यातून गेलेल्या सुदिन तळावलीकर प्रकरणात (2019) सर्वोच्च न्यायालयाने रक्कम भरण्याची अट काढून टाकली.

हे निकाल प्रतिवादीला अनुकूल वाटतात. तरीही कसोटी लागते ती प्रतिज्ञापत्रातल्या तथ्यांना, आणि बहुतेक हानी तिथेच होते. दाव्यातील प्रत्येक परिच्छेदाला ‘मजकूर खोटा असून मान्य नाही’ असे उत्तर देणारे प्रतिज्ञापत्र कैफियत म्हणून एकवेळ खपेल. परवानगी मागताना ते जवळजवळ निरुपयोगी आहे. नियम तथ्ये उघड करायला सांगतो, नकार नोंदवायला नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव वसाहतीतल्या फाउंड्रीने कास्टिंगच्या बिलांवर दावा केला आणि खरेदीदाराचा बचाव ‘माल खराब होता’ असा आहे, असे समजा. एवढ्या एका वाक्यावर सशर्त परवानगी मिळाली तरी नशीब. माल कोणत्या चलनाने कधी उतरला, तपासणीत किती नग रिजेक्ट झाले, ब्लो होल निघाले की माप चुकले, तपासणी अहवाल आणि डेबिट नोट कोणत्या तारखेची, ती पुरवठादाराला ईमेलने गेली की हातोहात, रिजेक्ट माल परत नेला का, हे सारे तारखांसह यायला हवे. दाव्याची नोटीस येण्यापूर्वीचा एक ईमेल नोटिशीनंतरच्या दहा पानी आरोपांपेक्षा वजनदार असतो, कारण बचाव दाव्यासाठी रचलेला नाही हे त्यातून दिसते. वस्तुविक्री अधिनियम, 1930 चे कलम 42 इथे आडवे येते: नाकारल्याचे न कळवता वाजवी काळापलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. पण बचाव तेवढ्यावर संपत नाही. कलम 59 प्रमाणे दर्जाच्या हमीचा भंग झाला असेल, तर स्वीकारलेल्या मालाच्या किमतीतही घट मागता येते. अशी घट मागताना तिचा हिशेब नग आणि दरासह मांडला, तरच तो ठोस बचाव ठरतो. इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याचा दावा असेल तर काउंट, कोनचे वजन आणि मालासोबत आलेली पावती यांना हेच महत्त्व.

याच हिशेबात एक खाच आहे. देय रकमेचा काही भाग प्रतिवादीने मान्य केला, तर तो भाग न्यायालयात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही, असे नियम 3 मधील दुसरे परंतुक सांगते. ‘फार तर चार लाख निघतात’ असे वाक्य तडजोडीच्या भाषेत लिहिले गेले, तर ते चार लाख भरावे लागू शकतात. पक्षकाराच्या खातेउताऱ्यातील शिल्लकही तशी कबुली ठरू शकते. म्हणून प्रतिज्ञापत्र करण्याआधी लेजर वकिलाने स्वतः पाहावे आणि खरोखर देय असलेली रक्कम पक्षकाराने आधीच बाजूला काढावी. प्रामाणिक अंशतः कबुली आणि भरलेली रक्कम उरलेल्या बचावाची विश्वासार्हता वाढवतात, हेही त्याला समजावून सांगणे वकिलाचे काम आहे.

करारात लवादाचे कलम असेल, तर लवाद अधिनियम, 1996 च्या कलम 8 खालील अर्ज आधी द्यावा, परवानगीच्या अर्जात सगळा बचाव मांडून झाल्यावर नव्हे. वादाच्या मुळाविषयीचे पहिले निवेदन केल्यानंतर तो अर्ज टिकवणे कठीण होते.

रक्कम भरण्याच्या अटीचा आदेश स्वतंत्रपणे अपीलयोग्य नाही. त्याविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयात जाता येते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी हा मार्ग 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच, भाऊसिंगजी रोडवरील सर्किट बेंचकडे आहे. मुंबईला जाण्यात निघून जाणारे दिवस वाचल्याने अटीची मुदत संपण्याआधी याचिका सुनावणीला येण्याची शक्यता वाढली आहे. मात्र याचिका दाखल केल्याने मुदत आपोआप थांबत नाही. स्थगिती मिळवावी लागते किंवा मूळ न्यायालयाकडून मुदतवाढ घ्यावी लागते. अट न पाळल्याने हुकूमनामा झालाच, तर त्याविरुद्धच्या अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 105 च्या आधारे परवानगीच्या आदेशालाही आव्हान देता येते. गैरहजेरीत झालेला हुकूमनामा आदेश 37 च्या नियम 4 खाली ‘विशेष परिस्थिती’ दाखवून रद्द करता येतो. पण रजनी कुमार विरुद्ध सुरेश कुमार मल्होत्रा (2003) या निकालाप्रमाणे केवळ न येण्याचे कारण पुरत नाही. परवानगी मिळण्याजोगी तथ्येही त्याच अर्जात मांडावी लागतात.