हजार धावा एकाच्या, बॅट किती जणांच्या हातात?

२० नोव्हेंबर २०१९. आझाद मैदान. हॅरिस शील्ड, म्हणजे मुंबईतल्या १६ वर्षांखालील मुलांची सर्वात नावाजलेली आंतरशालेय क्रिकेट स्पर्धा. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलने ३९ षटकांत ६०५ धावा ठोकल्या. समोर अंधेरीच्या चिल्ड्रन्स वेल्फेअर सेंटर शाळेचा संघ होता. त्यांना ठरलेल्या तीन तासांत ४५ षटकं टाकता आली नाहीत, म्हणून दंडाच्या १५६ धावा बोरिवलीच्या खात्यात जमा झाल्या. एकूण ४ बाद ७६१. उत्तरात अंधेरीचा संघ ७ धावांत बाद झाला. त्या सातही अवांतर होत्या, ६ वाइड आणि १ बाय. एकाही मुलाच्या नावावर धाव नाही. विजेत्या संघातल्या एका फलंदाजाच्या मात्र नाबाद ३३८.

हा धावफलक गंमत म्हणून सगळीकडे फिरला. आम्हाला त्यात गंमत दिसत नाही, प्रश्न दिसतो. सामन्याचा निकाल उघड झाल्यावरही प्रशिक्षकाने आपला हुकमी खेळाडू मैदानावर ठेवावा का?

आमचं उत्तर 'नाही' असं आहे. पण त्याचं कारण हरणाऱ्यांची दया हे नाही. दया, उपकार, सहानुभूती या शब्दांचं काय करायचं ते आंबेडकरी माणसाला कुणी शिकवायला नको. आमचा मुद्दा वाटपाचा आहे. मैदानावरची संधी ही मोजकी गोष्ट आहे. ती एकाच्या हातात किती साचू द्यायची?

जरा हिशेब करून बघू. ४ बाद ७६१ म्हणजे बाद झालेले चार आणि नाबाद दोन, असे सहा जण खेळपट्टीवर आले. उरलेल्या पाच जणांच्या हातात बॅटच आली नाही.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकात प्रणव धनावडेने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय! आता तोच हिशेब इथे लावा. १४६५ धावांच्या डावात फक्त पाच जण फलंदाजीला आले. विजेत्या संघातल्या सहा मुलांनी सामना जिंकला आणि तरीही एक चेंडू खेळला नाही.

या सहा जणांबद्दल कुणी लिहीत नाही. उपनगरातून मैदानावर जाणाऱ्या मुलांना आम्ही ओळखतो. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीहून पहाटेची लोकल पकडायची, गर्दीत किटबॅग सांभाळायची, आझाद मैदान गाठायचं, आणि दिवसभर तंबूत बसून दुसऱ्याच्या चौकारांना टाळ्या वाजवायच्या. संध्याकाळी घरी विचारलं तर सांगायचं, "आम्ही जिंकलो." आपण किती केल्या, ते सांगायला काही नसतं. पुढच्या वर्षी बाप विचारणारच, मग कशाला पैसे घालायचे?

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली विज्ञानाच्या क्षेत्राबद्दल एक निरीक्षण मांडलं. ज्याचं नाव आधीच झालेलं असतं त्यालाच आणखी श्रेय मिळत जातं आणि अनोळखी माणसाचं काम झाकलं जातं. क्रिकेटमध्येही हेच चालतं. शंभर केलेल्याला दोनशे करू दिले जातात, दोनशे केलेल्याला तीनशे. मग निवड समितीसमोर कागद येतो तेव्हा एका नावापुढे डोंगर असतो आणि बाकीच्यांपुढे रेघ. त्या कागदाला आपण 'गुणवत्ता' म्हणतो. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. राखीव जागांच्या विरोधात तोच आपल्या तोंडावर फेकला जातो. ज्यांना बॅटच दिली नाही त्यांना धावा का नाहीत म्हणून विचारणं, हीच त्या गुणवत्तेची रीत आहे.

पळवणकर बाळूंचा इतिहास इथे आठवायला हवा. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये महिन्याला चार रुपयांवर काम करणारा हा चर्मकार तरुण खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि सरावात कॅप्टन ग्रेगसारख्या फलंदाजांना तासन् तास गोलंदाजी टाकायचा. पण तिथे त्याच्या हातात बॅट कुणी दिली नाही. दुसऱ्याचा खेळ सुधारण्यापुरताच त्याचा हात चालत होता. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. तो मान त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाला. राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधात गेले, १९३७ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहून हरले, हे आपल्याला माहीत आहे. पण मैदानावरचा त्यांचा धडा त्याने पुसला जात नाही. खेळात नुसता प्रवेश मिळाला म्हणजे समता आली असं होत नाही. आत गेल्यावर हातात काय मिळतं, ते महत्त्वाचं.

आता आमच्या विरोधातला सर्वात मोठा मुद्दा घेऊ. तो आपल्याच वस्तीतून येतो, म्हणून टाळता येणार नाही. प्रणव धनावडे हा रिक्षाचालकाचा मुलगा. ज्याच्यामागे पैसा नाही, ओळख नाही, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधून घेणारा एक आकडा हेच भांडवल असतं. श्रीमंताच्या मुलाला ८० धावांवरही अकादमी मिळते. गरिबाच्या पोराला हजार कराव्या लागतात. मग अशा पोराला 'बाळा, आता बस' असं सांगणारे आपण कोण?

हा मुद्दा खरा आहे आणि आम्ही तो मान्य करतो. पण तो नीट पाहिला तर दोष कुठे आहे ते कळतं. रिक्षाचालकाच्या मुलाला दिसण्यासाठी हजार धावा कराव्या लागतात, हा व्यवस्थेचा गुन्हा आहे. तो आकडा उभारायला समोर कच्ची मुलं उभी करणं हा त्यावरचा उपाय होत नाही. आणि त्या आकड्याने त्या मुलाचं तरी किती भलं केलं? मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. अपेक्षांचं ओझं वाढलं, धावा आटल्या, आणि २०१७ मध्ये वडिलांनी स्वतः पत्र लिहून ती थांबवायला सांगितलं. दुबळ्या गोलंदाजीवरचे चारशे-पाचशे जादा चेंडू खेळाडूला घडवत नाहीत. त्याला घडवतो तो तोडीस तोड सामना. आपल्या पोरासाठी भांडायचं तर त्यासाठी भांडू. चांगलं मैदान, लेदर बॉलचा सराव, प्रवासाचा खर्च, आणि नुसत्या धावा न मोजता त्या कुणाविरुद्ध केल्या हे बघणारी निवड समिती मागू.

दुसरा आक्षेप असा की हात आखडता घेऊन खेळणं हा प्रतिस्पर्ध्याचा अपमान आहे. बरोबर! मुद्दाम झेल सोडू नका, मुद्दाम बाद होऊ नका. आम्ही तसं म्हणतही नाही. हुकमी फलंदाज बाहेर आला की आत येणारा सातव्या क्रमांकाचा मुलगा जीव तोडूनच खेळणार आहे. त्याला आयुष्यात पहिल्यांदा बॅट मिळाली आहे! समोरच्या गोलंदाजालाही बळी मिळण्याची आशा वाटेल. म्हणजे सामना पुन्हा सुरू होईल. अपमान तर आता होतो आहे. चेंडू आणायला सीमारेषेपलीकडे धावणाऱ्या मुलांना 'षटकं वेळेत टाकली नाहीत' म्हणून १५६ धावांचा दंड होतो, तो अपमान नाही तर काय आहे?

मुंबईने वेगळं उदाहरणही पाहिलं आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. साडेतीनशेला एक धाव हवी होती, तरी रमाकांत आचरेकर सरांनी डाव घोषित करायला लावला, हा किस्सा प्रसिद्ध आहे. २ बाद ७४८ म्हणजे तिथेही सात जण बसूनच राहिले, सरांनी थोडं आधी थांबवलं असतं तर बरं झालं असतं. पण मोलाची गोष्ट ही की धावेपेक्षा सामना मोठा हे प्रशिक्षकाने खेळाडूला सांगितलं. त्याने कुणाचं नुकसान झालं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सचिनने रणजी पदार्पणात शतक केलं.

हा आजार फक्त आपला नाही. अमेरिकेत १९१६ साली जॉर्जिया टेकने कंबरलँड कॉलेजला फुटबॉलमध्ये २२२-० असं हरवलं. त्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक जॉन हाइझमन यांच्या नावाने आज तिथल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला चषक दिला जातो! पण आता तिथल्याच अनेक राज्यांत शालेय सामना फार एकतर्फी झाला की घड्याळ न थांबवता तो लवकर संपवतात. इंग्लंडमध्ये मुलांच्या बऱ्याच स्पर्धांत ठरावीक धावा झाल्या की फलंदाज बाहेर येतो. त्याने तिथलं क्रिकेट बुडालं नाही.

आपल्याकडेही नियम बदलायची वाट पाहायला नको. फलंदाजाला निवृत्त करणं आजच्या नियमांतच बसतं. प्रशिक्षकाची इच्छा हवी.

आणि ही सुरुवात आपणच का करू नये? १४ एप्रिलच्या निमित्ताने वस्त्यावस्त्यांत टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. आयोजक आपण, पंच आपण, बक्षीसही आपणच ठेवतो. पण तिथेसुद्धा बाहेरून आणलेला एक हुकमी फलंदाज दहाच्या दहा षटकं खेळतो आणि वस्तीतली पोरं टाळ्या वाजवतात. जयंती मंडळांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक, अर्धशतक झालं की फलंदाज बाहेर येईल; बाकीचे बाद झाले तरच परत जाईल. दोन, सामना हातात आला की ज्यांनी अजून गोलंदाजी केली नाही त्यांना षटक मिळेल. तीन, साखळी सामन्यांत प्रत्येक खेळाडूला निदान एकदा बॅट किंवा बॉल मिळालाच पाहिजे. चार, पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाला त्याच दिवशी आणखी एक सामना मिळेल.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितलं होतं. यातली बंधुता आपण भाषणात सर्वात शेवटी घेतो आणि मैदानावर विसरून जातो. पुढच्या जयंतीच्या नियमपत्रिकेत तिला एक ओळ द्या. आपापल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय मांडा, वाद घाला, पटलं नाही तर आम्हाला कळवा.

जय भीम!