लग्न म्हणजे नशेवरचे औषध नव्हे

"लग्न करून द्या, आपोआप सुधारेल."

मुलगा नशा करतो हे कळल्यावर आपल्या मोहल्ल्यात मिळणारा हा पहिला सल्ला. डॉक्टरचे नाव निघते ते दोन-तीन वर्षांनी. तोवर सून माहेरी परतलेली असते, तिच्या कडेवर लेकरू असते आणि मेहेर कागदावरच असतो. दुसऱ्याची लेक ही तुमच्या मुलाची गोळी नाही. रिश्ता ठरवताना ही गोष्ट मुलीकडच्यांपासून लपवणे ही सरळ फसवणूक आहे. लपवणारे पाच वक्तचे नमाजी असले तरीही.

दुसरे समाधान याहून जुने: आपल्यात दारू हराम, म्हणून आपली पोरे सुरक्षित. पण दारूचा वास येतो म्हणून ती पकडली जाते. गोळीला दारूसारखा वास येत नाही, एमडीच्या पुडीलाही नाही. आणि हा माल काही लांबून येतो असे सांगलीकरांनी तरी म्हणू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून एमडीचा साठा पकडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखाना शोधला, १२२ किलो माल, किंमत सुमारे २४५ कोटी. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक. द्राक्षबागांच्या मुलखात हे शिजत होते. (पकडलेल्यांची नावे वाचून धर्म मोजणारे दोन्हीकडे आहेत. त्यांना आपापल्या घरातल्या पोरांची काळजी नाही, एवढेच त्यातून कळते.)

जिमचे तर विचारूच नका. शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब वर आणणारे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन पोरे ताकदीसाठी टोचून घेतात. आणि अब्बा खूश, की मुलगा पान-तंबाखू सोडून व्यायामाला लागला!

मग ओळखायचे कसे? एका खुणेवर जाऊ नका. रात्र रात्र जागरण आणि मग दिवसभर झोप, भूक मरणे, वजन उतरणे, अम्मीच्या डब्यातले पैसे कमी होणे, जुने दोस्त तुटून फोन घेऊन गच्चीवर जाणारे नवे दोस्त येणे, खिशात सुई, चांदीचा कागद किंवा खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सापडणे. यातले दोन-तीन बदल एकदम दिसले तर विचारा. मारून नव्हे. नशेत असताना तर नाहीच. सकाळी, एकट्याला बसवून, आणि चुलत्या-मामांची पंचायत न बोलावता.

सापडल्यावर खोलीत कोंडणे हा आपला आवडता इलाज. झोपेच्या गोळ्यांची किंवा रोजच्या दारूची सवय एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. काही जण चाळीस दिवसांच्या चिल्ल्याला पाठवतात. जमातीत मन रमते, हे मी नाकारत नाही. पण एकेचाळिसाव्या दिवशी तो त्याच चौकात, त्याच दोस्तांत परततो आणि शरीराची ओढ तशीच असते. दुआ करा, ताबीज बांधा, आणि सोबत मानसोपचारतज्ज्ञाकडेही न्या.

"केस होईल" ही भीतीही फारशी खरी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नशेमुळे होणारे आजार मोजले आहेत आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातले कलम ६४अ तर स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देते. माल विकणाऱ्याला ती नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केलेले परिवर्तन केंद्र आहे. त्यांचे नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या इदाऱ्यांनी असे किती दरवाजे उघडले ते मोजावे.

जुम्म्याच्या बयानात नशेला हराम म्हणून झाले, हजारदा झाले. ज्या बापाचा मुलगा मागच्या सफमध्ये बसून थरथरतो आहे, त्याने बाहेर पडून जायचे कुठे, ते कोणी सांगत नाही. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. नमाजाच्या वेळांच्या फळ्यावर, ईशाच्या ओळीखाली, एवढे पाच आकडे लिहायला मशिदीच्या ट्रस्टींची कोणती हरकत आहे?