सरपंच थेट जनतेतून : कायदा तीनदा फिरला, आता चावी ग्रामसभेच्या हातात

राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांचा सरपंच कोणी निवडायचा, यावर विधिमंडळाने पाच वर्षांत तीनदा कायदा बदलला. २०१७ मध्ये फडणवीस सरकारने थेट जनतेतून निवड आणली. २०२० मध्ये ठाकरे सरकारने ती रद्द करून सदस्यांमधून निवड परत आणली. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात शिंदे सरकारने पुन्हा थेट निवड मंजूर केली. याच अधिवेशनात नगराध्यक्षही थेट जनतेतून निवडायचं ठरलं. विशेष म्हणजे एकनाथ शिंदे आधीच्या दोन्ही सरकारांत मंत्री होते.

बदलामागे प्रत्येकाचं राजकीय गणित होतं, हे गावातही लपून राहिलं नाही. पण गावाच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींत खोट आहे.

सदस्यांमधून सरपंच निवडायचा तेव्हा सात-नऊ जणांच्या बॉडीत दोन सदस्य फुटले की सत्ता फिरायची. निवडीआधी सदस्यांना सहलीला नेणं, देणं-घेणं, दर वर्षी नवा सरपंच असे प्रकार चालायचे. थेट निवडीने याला बराच लगाम बसला. डिसेंबर २०२२ मध्ये ७,७५१ ग्रामपंचायतींची निवडणूक याच पद्धतीने झाली.

पण दुसरीच अडचण उभी राहिली. सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचं. मासिक सभेत ठराव बहुमताने होतो. सदस्य अडून बसले की रस्ता, गटार, पाणी सगळंच रखडतं. वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला मिळतो. पैसा खात्यावर पडून आणि गाव चिखलात, अशी गत होते. दोघांच्या भांडणात नुकसान मतदाराचं.

सरपंचाला हटवणंही सोपं नाही. पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नाही. मधल्या काळात तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केला, तरी ग्रामसभेत गुप्त मतदान होऊन तो पास व्हावा लागतो. म्हणजे ज्यांनी बसवलं, त्यांनीच उतरवायचं.

खरी गोम इथेच आहे. कायद्याने शेवटचा शब्द ग्रामसभेला दिला, पण ग्रामसभेला माणसं येतात किती? कोरमला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो पुरतो. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, तहकूब सभेला कोरमची अट राहत नाही, आणि दहा-वीस जणांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. नंतर पारावर बसून सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावाने बोटं मोडायची.

२०२२ च्या डिसेंबरात निवडून आलेल्यांची मुदत २०२७ च्या अखेरीपासून संपायला लागेल. सरकार बदललं तर कायदाही पुन्हा फिरू शकतो. ते मुंबई-नागपुरात ठरेल, गावाच्या हातात नाही. ग्रामसभेला जाणं, हिशेब मागणं आणि आपला विषय इतिवृत्तात लिहून घेणं मात्र गावाच्याच हातात आहे. सरपंच कोणत्याही पद्धतीने येवो, ग्रामसभा भरली तरच त्याच्यावर गावाचा वचक राहील.