भंगारातून पोलादात शिरणारा किरणोत्सार

छत्तीसगडमधील भिलाई शहरातील सेक्टर २ ही पोलाद कारखान्याच्या नगरीतील एक वसाहत. कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. लोहखनिजापासून पोलाद बनवणाऱ्या अशा कारखान्यांच्या तुलनेत, मुख्यतः भंगार वितळवणाऱ्या लहान भट्ट्यांना एक वेगळाच धोका संभवतो. उद्योग, रुग्णालये आणि प्रयोगशाळांमधील किरणोत्सारी स्रोत निकामी झाल्यावर भंगारात मिसळले, तर त्यांचा ठावठिकाणा सहजासहजी लागत नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समधील उद्वाहनांच्या कळांमध्ये कोबाल्ट-६० आढळले. त्यांतील दूषित पोलादाचा माग काढता काढता तपास रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत पोहोचला. कळा जोडणाऱ्या फ्रान्समधील कारखान्यातील सुमारे वीस कामगारांना १ ते ३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाल्याचा अंदाज तेथील नियामक संस्थेने व्यक्त केला. सर्वसामान्य नागरिकांसाठी वार्षिक मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. एवढ्या मात्रेने कोणी तत्काळ आजारी पडत नाही; कर्करोगाची शक्यता मात्र किंचित वाढते, असे मानले जाते.

मोठ्या मात्रेचे परिणाम याहून भीषण असतात. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून वापराविना पडून असलेले गॅमा किरण उपकरण फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडण्यात आले. त्यातील कोबाल्ट-६० मुळे अनेकांना इजा झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये एकाचा मृत्यू झाला. अशा वेळी उलट्या होतात, त्वचा भाजल्यासारखी होते, अस्थिमज्जेचे कार्य मंदावते, रक्तपेशी घटतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो.

भट्टीत सर्वच पदार्थ सारखे वागत नाहीत. कोबाल्ट वितळलेल्या लोखंडात मिसळून पोलादातच राहते, तर सिझियम-१३७ ची वाफ होऊन ते भट्टीच्या धुळीत जाते. २०२५ मध्ये इंडोनेशियातील चिकांदे औद्योगिक वसाहतीतून निर्यात झालेल्या कोळंबीत सिझियम-१३७ आढळले, तेव्हा तपासाचा रोख तेथीलच एका पोलाद कारखान्याकडे वळला होता. कोबाल्ट-६० ची तीव्रता निम्मी होण्यास सुमारे ५.३ वर्षे लागतात, तर सिझियम-१३७ ला सुमारे ३० वर्षे.

वापरलेले स्रोत सुरक्षितपणे परत करण्याची जबाबदारी वापरकर्त्याची असते. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ मध्ये झाली. मात्र केवळ नियम असून भागत नाही, हे मायापुरीने दाखवून दिले. स्रोतांची काटेकोर नोंद, भंगाराच्या आवारांत आणि भट्ट्यांच्या प्रवेशद्वारांवर किरणोत्सारमापक यंत्रे, तसेच कामगारांना ओळखता येईल असे इशाऱ्याचे चिन्ह, या तीन गोष्टी तुलनेने कमी खर्चाच्या आहेत. भंगार हाताळणाऱ्या कामगाराला समोरच्या वस्तूचा धोका दिसत नाही. तो वेळीच दाखवून देण्याची जबाबदारी यंत्रणेचीच आहे.