इंग्रजांच्या पलटणीत इंग्रज किती?

वाचकहो, असईची लढाई तुम्ही शाळेत शिकला असाल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा इंग्रजांनी पराभव केला, एवढेच वाक्य. आम्ही मास्तर मंडळी ते फळ्यावर लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. मग एका मुलाने विचारले, "सर, इंग्रज म्हणजे कोण कोण?" मला उत्तर देता आले नाही. अध्यापक विद्यालयात टाचण काढायला शिकवले होते, असल्या प्रश्नाची तयारी कुणी करून घेतली नव्हती.

घरी येऊन पुस्तके चाळली. सेनापती वेलस्ली जन्माने आयर्लंडचा, डब्लिनचा. शिपायांत मोठा भरणा मद्रास इलाख्यातल्यांचा. आणि शिंद्यांच्या तोफांवर संगिनी रोखून ज्या गोऱ्या पलटणी चालून गेल्या त्या, ७४वी आणि ७८वी, हायलँडर्सच्या. म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखाच्या. त्यांतल्या पुष्कळांची मायबोली इंग्रजी नव्हे, गेलिक. (समोर शिंद्यांच्या कंपूवर पोलमन हा हनोव्हरचा जर्मन होता, आणि हनोव्हरचा अधिपती कोण, तर इंग्लंडचाच राजा! पण ते असो.)

आमच्यातले काही शहाणे अजून म्हणतात, एकी पाहावी तर ब्रिटिशांची. आमच्या गोव्यावर राज्य पोर्तुगिजांचे, म्हणून इंग्रजांविषयी एक हळवा कोपरा आपल्याकडे शिल्लक आहे. त्या शहाण्यांनी ही एकी कशी घडली ते जरा नीट पाहावे.

१७४६ साली कलोडनच्या माळावर हायलँडच्या बंडखोर टोळ्यांचा पाडाव झाला. त्यांची हत्यारे काढून घेतली, एवढ्यावर भागले नाही. त्यांचा पोशाखही कायद्याने बंद केला. सवलत एकच होती. राजाच्या सैन्यात भरती व्हा आणि खुशाल तो पोशाख करा! १७८२ पर्यंत हा कायदा होता. वाडवडिलांचा वेष अंगावर चढवायचा तर दुसऱ्याच्या लढाईवर जायचे, याला ज्यांना एकात्मता म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे.

पण सगळा दोष लंडनवर टाकून आपण मोकळे झालो तर ती लबाडी होईल. टोळीचा नायक हा पूर्वी कुळांचा बापासारखा. तोच आता जमीनदार झाला. माणसांच्या खंडापेक्षा मेंढपाळ मक्तेदाराचा खंड जास्त येतो हे त्याला कळले. १७९२ साली रॉस परगण्यातल्या लोकांनी त्या मेंढ्याच हाकलून लावायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यावर सैन्य धाडले गेले, आणि ते सैन्य हायलँडर्सचेच! पुढच्याच वर्षी, १७९३ साली, रॉस आणि लुईस बेटावरच्या माणसांतून ७८वी पलटण उभी राहिली. दहा वर्षांनी ती असईला होती. कुणाची जमीन गेलेली माणसे कुणाची जमीन घ्यायला आली होती, याचा हिशेब वाचकांनीच मांडावा. त्यांची कीव येते, पण त्यांच्या संगिनी आमच्या माणसांच्या छातीत घुसल्या हेही विसरवत नाही.

सदर्लंडमध्ये तर कहर झाला. तिथली जमीनदारीण स्कॉटिश घराण्यातली, नवरा इंग्लंडमधल्या अतिश्रीमंतांपैकी. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात कुळांना बाहेर काढून घरांना आगी लावल्या. कारभारी सेलर याच्यावर १८१६ साली खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. याच मुलखातून अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी ९३वी पलटण उभारली होती. पुढे १८५४ साली क्रिमियाच्या युद्धासाठी भरतीवाले आले तेव्हा, माणसांऐवजी मेंढ्या ठेवल्यात ना, मग लढायलाही त्यांनाच पाठवा, असे लोकांनी सुनावल्याचे सांगतात. मला हे उत्तर फार आवडते.

इंग्लंडच्या गरिबाचे तरी काय निराळे होते? साम्राज्याचा डंका वाजत असताना बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) मँचेस्टरसारख्या गिरणगावांतले तरुण भरतीला उभे राहिले, आणि त्यांतले कितीतरी दुबळे म्हणून परत पाठवावे लागले. मग सरकारी चौकशी झाली आणि १९०६ साली शाळेतल्या उपाशी मुलांना जेवण देण्याचा कायदा आला. मुले आधीही उपाशीच होती; बंदूक धरायला हात कमी पडले तेव्हा ती दिसली. शिक्षकाला ही गोष्ट वाचून जे वाटते ते इथे लिहिण्याजोगे नाही.

साम्राज्य गेले, आणि २०१४ साली स्कॉटलंडने वेगळे व्हावे का यावर मतदान झाले तेव्हा शंभरांतल्या ४५ जणांनी होकार दिला. पंचावन्नांनी नकार दिला हेही सांगितले पाहिजे. पण तीनशे वर्षांच्या एकीला ४५ हा आकडा लहान नव्हे.

हल्ली असईच्या धड्याला मी फळ्यावर 'इंग्रज' हा शब्द लिहितो आणि त्याच्याखाली मुलांकडून नावे लिहून घेतो: मद्रासचे शिपाई, रॉसचे बेदखल शेतकरी, डब्लिनचा सेनापती. धडा त्यामुळे एका तासात संपत नाही. टाचणवहीत दोन तास दाखवतो. मुख्याध्यापकांनी अजून हरकत घेतलेली नाही.